पटावरची पवनचक्की

मनुष्याच्या व्यवहारात वयाला मोठा मान असतो. सभेत वडीलधाऱ्यांना पुढचे आसन मिळते, पंगतीत त्यांच्या पानावर आधी वाढले जाते, आणि घरातील महत्त्वाची गोष्ट त्यांना विचारल्यावाचून ठरत नाही. हे योग्यच आहे. परंतु चौसष्ट घरांचा पट मांडून दोन माणसे समोरासमोर बसली, म्हणजे तेथे वयाचा मुलाहिजा उरत नाही. पिकल्या केसांचा अनुभवी खेळाडू आणि मिसरूड फुटू लागलेला तरुण, दोघांपुढे सारखेच सोळा मोहरे असतात. पटाला खेळणाऱ्याचे वय ठाऊक नसते. त्याला फक्त चाल कळते.

बुद्धिबळ हा खेळ मूळचा भारतातला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून त्याला पूर्वी चतुरंग म्हणत. भारतातून तो इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात पोचला. पुढे युरोपातील लोक समुद्र ओलांडून अमेरिका खंडात गेले, तेव्हा त्यांच्या सामानाबरोबर हा पटही गेला. अशा प्रकारे हजारो कोसांचा प्रवास करून तो मेक्सिको देशात रुजला आणि तेथे त्याला एक अलौकिक खेळाडू लाभला. त्याचे नाव कार्लोस तोर्रे रेपेत्तो. विश्वविजेत्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. तोर्रेचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानांवर आलेले असते. तरीही त्याने वयाच्या एकविशीच्या सुमारास खेळलेला एक डाव जगातील बुद्धिबळपटू आजही पुन्हापुन्हा मांडून पाहतात.

मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला युकातान नावाचे द्वीपकल्प आहे. प्राचीन माया लोकांनी उभारलेल्या दगडी मंदिरांचे अवशेष तेथे जागोजागी आढळतात. या प्रदेशात घायपाताच्या जातीची एक वनस्पती मोठ्या प्रमाणावर लावत. तिच्या पानांपासून निघणाऱ्या वाखाचे दोर जगभर जात असत. त्या व्यापारावर मेरिदा हे शहर संपन्न झाले होते. याच मेरिदा शहरात १९०४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तोर्रेचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याच्या कुटुंबाने मायभूमी सोडली आणि मेक्सिकोच्या आखातापलीकडील न्यू ऑर्लिन्स या अमेरिकन शहरी बिऱ्हाड केले.

न्यू ऑर्लिन्स हे बुद्धिबळाच्या इतिहासात आधीच प्रसिद्ध पावलेले गाव होते. पॉल मॉर्फी हा विलक्षण खेळाडू तेथलाच. १८५८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने युरोपात जाऊन तेथील भल्याभल्यांना पराभूत केले होते. आणि पुढे लवकरच स्पर्धेचा खेळ कायमचा सोडून दिला होता. त्याच गावात आणखी एक तरुण तशाच वाटेने जाणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

न्यू ऑर्लिन्समध्ये एडविन अ‍ॅडम्स नावाच्या खेळाडूने तोर्रेला शिष्य म्हणून जवळ केले. या गुरुशिष्यांच्या नावावर १९२० साली खेळला गेलेला एक डाव प्रसिद्ध आहे. त्यात काळ्या मोहऱ्यांचा राजा शेवटच्या ओळीत, स्वतःच्याच प्याद्यांच्या आड उभा आहे. त्या ओळीतील एका मोक्याच्या घरावर काळ्याचा वजीर आणि हत्ती यांचा पहारा आहे. तो पहारा ढळला की पांढऱ्याचा हत्ती तेथे शिरून मात करणार. अशा वेळी पांढऱ्याकडून खेळणारे गुरू आपला वजीर शत्रूच्या तोंडाशी नेऊन ठेवतात. काळ्याने तो मारला तर पहारा सुटतो. म्हणून काळ्याला आपला वजीर घेऊन बाजूला सरावे लागते. लगेच पांढरा वजीर पुन्हा त्याच्या मागे येऊन उभा राहतो. ‘मला मारा’ असे जणू तो वारंवार बजावतो. पण त्याला मारण्याची कोणाचीही छाती होत नाही. शेवटी काळ्या वजिराला जायला सोयीचे घरच उरत नाही आणि शिष्याला हार पत्करावी लागते.

हा डाव प्रत्यक्षात असाच खेळला गेला काय, याविषयी काही अभ्यासकांना शंका आहे. शिष्यानेच तो रचला असावा आणि विजयाचा मान गुरूच्या नावे लिहिला असावा, असा त्यांचा तर्क आहे. हा तर्क खरा असेल, तर गुरुदक्षिणेचा याहून सुंदर प्रकार शोधूनही सापडणार नाही. आपल्या बुद्धीचे उत्तम फळ शिष्याने गुरूच्या ओंजळीत घातले, आणि स्वतःकडे पराभव ठेवला!

तोर्रेच्या वयाची विशी जवळ आली, तेव्हा तो न्यूयॉर्क या महानगरात आला. १९२४ साली त्याने न्यूयॉर्क राज्याचे अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी डेट्रॉइट येथील एका मोठ्या स्पर्धेतही त्याने पहिला क्रमांक पटकावला. अमेरिकेतील रसिकांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. परंतु त्या काळी बुद्धिबळाची खरी राजधानी युरोप होती. तेथील कसोटीला उतरल्याशिवाय कोणालाही थोर खेळाडू म्हणत नसत.

१९२५ साली तोर्रे युरोपात गेला. पहिली स्पर्धा जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे होती. एकवीस खेळाडू तीत उतरले होते आणि प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाशी झुंजायचे होते. तोर्रेचा क्रमांक दहावा आला. नवख्याला हा काही लाजिरवाणा नव्हता. शिवाय स्पर्धा जिंकणाऱ्या अलेखिनला त्याने बरोबरीत रोखले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मारियेनबाड येथे दुसरी स्पर्धा झाली. तेथे निम्झोविच आणि रुबिनस्टाइन या दोघा दिग्गजांच्या लगोलग मागे, मार्शलच्या बरोबरीने, तोर्रे तिसऱ्या क्रमांकावर उभा होता. दहाव्याचा तिसरा व्हायला त्याला अवघे काही आठवडे पुरले. चांगला विद्यार्थी परीक्षेत चुकलेली उत्तरे पुढच्या परीक्षेपूर्वी शिकून घेतो, तसेच हे होते.

त्या वर्षाच्या अखेरीस रशियाची राजधानी मॉस्को येथे एक भव्य स्पर्धा भरली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचा खर्च सरकारने केला होता. तत्कालीन विश्वविजेता कापाब्लांका तीत होता आणि त्याच्या पूर्वीचा विश्वविजेता एमानुएल लास्करही होता. नगरात बुद्धिबळाचे एकच वेड पसरले होते. त्या वेडाची थट्टा करणारा ‘बुद्धिबळाचा ज्वर’ या अर्थाच्या नावाचा एक मूकपट त्याच वेळी तेथे तयार झाला आणि त्यात कापाब्लांकाबरोबर तोर्रेही क्षणभर पडद्यावर दिसतो.

या स्पर्धेत तोर्रे आणि लास्कर यांची गाठ पडली. दोघांमधील अंतर ध्यानी घेण्याजोगे आहे. लास्करने १८९४ साली विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा तोर्रेचा जन्मही झालेला नव्हता. ते पद लास्करने सलग सत्तावीस वर्षे, म्हणजे १९२१ सालापर्यंत, आपल्याकडे राखले होते. आता त्याचे वय छप्पन्न वर्षांचे होते आणि समोर बसलेला खेळाडू नुकताच विशी ओलांडत होता.

डावाचा मध्य उलटल्यावर पटावर पुढीलप्रमाणे स्थिती झाली. तोर्रेकडे पांढरे मोहरे होते. त्याचा वजीर पटाच्या उजव्या कडेला, लास्करच्या राजाच्या दिशेने पुढे सरसावलेला होता. त्याच आडव्या ओळीत, पण दुसऱ्या टोकाकडे, लास्करचा काळा वजीर होता. दोन्ही वजिरांच्या मध्ये तोर्रेचा एक उंट उभा असल्यामुळे ते परस्परांना मारू शकत नव्हते. तोर्रेचा एक हत्ती मात्र काळ्या राजाच्या समोरील उभ्या पट्टीत, राजावर नेम धरून थांबला होता.

पंचविसाव्या चालीला तोर्रेने तो मधला उंट उचलला आणि एक घर पुढे, शत्रूच्या तटबंदीच्या अगदी तोंडाशी ठेवला. याचा परिणाम उघड होता. आडवी ओळ मोकळी झाली आणि तोर्रेचा वजीर निराधार पडला. पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरा तोर्रेने आपल्या हातांनी शत्रूला देऊ केला होता! लास्करने तो मारला.

आता तोर्रेच्या हत्तीने राजासमोरचे प्यादे मारले आणि राजाला शह दिला. हत्तीला मारावे, तर त्याच्या पाठीशी उंटाचा आधार होता. राजा निमूटपणे कोपऱ्यातील घरात सरकला. हा राजा आता उंटाच्याच तिरप्या रेषेत आला होता. मध्ये आडोसा होता तो केवळ तोर्रेच्या हत्तीचा. हत्ती बाजूला होताच उंटाचा शह राजाला लागणार आणि राजा तो शह टाळण्यात गुंतला असताना हत्तीने मधल्यामध्ये हवे ते मारून घ्यावे, अशी ही योजना होती. हत्ती बाजूला सरला आणि सरता सरता त्याने दुसरे एक प्यादे मारले. उंटाच्या शहामुळे राजाला पूर्वीच्या घरी परतावे लागले. हत्ती पुन्हा आपल्या जागी आला, पुन्हा शह. राजा पुन्हा कोपऱ्यात. हत्ती पुन्हा सुटला आणि या खेपेस त्याने पटाच्या दुसऱ्या टोकाला असलेला लास्करचा उंट टिपला. राजा परतला, हत्ती परतला, राजा कोपऱ्यात गेला. मग हत्ती आपल्याच पट्टीत खाली उतरला, उंटाचा शह राजाला लागला आणि त्याच वेळी हत्तीचा मारा काळ्या वजिरावर आला. राजा शहातून निसटला. पण वजीर वाचला नाही.

लागोपाठ सहा शह! या सबंध वेळात जगाचे अजिंक्यपद सत्तावीस वर्षे भूषविलेल्या खेळाडूला एकदाही आपल्या मनाची चाल खेळता आली नाही. त्याचा राजा दोन घरांमध्ये जा-ये करीत राहिला आणि हत्ती प्रत्येक फेरीत काहीतरी घेऊन येत राहिला. विहिरीवरच्या रहाटाचे गाडगे जसे खाली जाते, भरते आणि वर येऊन रिते होऊन पुन्हा खाली जाते, तशी ही गती होती. पाश्चात्त्य देशांत वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्यांची पाती लोकांच्या नित्य पाहण्यात होती. म्हणून त्यांनी या युक्तीला ‘पवनचक्की’ असे नाव दिले.

पवनचक्की थांबली तेव्हा हिशेब असा झाला: वजिराबद्दल वजीर परत मिळाला; लास्करचा उंट गेला होता, त्याबद्दल लास्करच्या राजाने पुढे तोर्रेचा तो पराक्रमी उंट मारला. ही देवाणघेवाण बरोबरीची झाली. परंतु तिच्यापायी लास्करची तीन प्यादी नाहीशी झाली होती. तीन प्यादी म्हणजे किरकोळ गोष्ट, असे नवशिक्याला वाटेल. जाणत्याला ठाऊक असते की, एवढ्या तुटीवर डाव वाचवणे जवळजवळ अशक्य असते. लास्करने चिवटपणे झुंज दिली, पण त्रेचाळिसाव्या चालीनंतर त्याने पराभव मान्य केला.

या डावात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एकटा हत्ती काही करू शकला नसता. एकटा उंटही काही करू शकला नसता. उंट जागचा हलला नाही, त्याने एकही मोहरा मारला नाही. तरी हत्तीच्या प्रत्येक पराक्रमामागे त्याचेच बळ होते. कीर्ती फिरणाऱ्याला मिळते. पण पाय रोवून उभा राहणारा नसेल, तर फिरणाऱ्याला आधार कोठून येणार?

त्या स्पर्धेत तोर्रेने विश्वविजेत्या कापाब्लांकाशीही बरोबरी साधली. बोगोल्युबोव पहिला, लास्कर दुसरा, कापाब्लांका तिसरा आणि मार्शल चौथा आला. पाचव्या क्रमांकावर तोर्रे आणि तार्ताकोवर यांची बरोबरी झाली. अलेखिन १९२७ साली विश्वविजेता झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे तोर्रेच्या त्या एका वर्षाचे मोल कळते. होऊन गेलेला, असलेला आणि होणारा अशा तीन विश्वविजेत्यांशी तो प्रत्येकी एकेक डाव खेळला. एक डाव त्याने जिंकला, दोन बरोबरीत सोडवले आणि हरला एकही नाही! याच मॉस्कोच्या मुक्कामात त्याने नवशिक्यांना उपयोगी पडेल असे एक छोटेखानी पुस्तकही लिहिले.

डावाची सुरुवात करण्याच्या त्याच्या पद्धतीही पुढे रूढ झाल्या. वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून, मग राजाकडचा घोडा आणि लगेच वजिराकडचा उंट बाहेर काढण्याची जी रीत त्याने लास्करविरुद्ध वापरली, तिला आज ‘तोर्रे आक्रमण’ असे नाव आहे. आरंभीच दोन्ही घोडे पुढे आणण्याचा बचावही तो १९२५ साली खेळला. त्याला त्याच्या मायदेशावरून ‘मेक्सिकन बचाव’ म्हणतात.

१९२६ साली तोर्रे मेक्सिकोचा अजिंक्यवीर ठरला. पुढे शिकागो येथील मोठ्या स्पर्धेत तो मार्शलच्या मागोमाग, मारोत्सीच्या बरोबरीने दुसरा आला. पहिला क्रमांक थोडक्यात हुकला. आणि येथेच ही कहाणी एकाएकी वळण घेते. शिकागोहून न्यूयॉर्कला परतल्यावर तोर्रेचे मानसिक आरोग्य अकस्मात ढासळले. तो मेक्सिकोस परतला आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही मोठ्या स्पर्धेत उतरला नाही. वय वर्षे एकवीस! ज्या वयात इतरांची वाटचाल सुरू होते, त्या वयात त्याची संपली.

पूर्वी अशा आजाराविषयी लोक हलक्या आवाजात बोलत, कधी हसतही. ते अज्ञान होते. ताप येतो, हाड मोडते, तसेच मनही आजारी पडू शकते. आणि शरीराप्रमाणेच त्यालाही विश्रांती, औषधोपचार आणि आपल्या माणसांचा जिव्हाळा यांची आवश्यकता असते. आज वैद्यकशास्त्र हे स्पष्टपणे सांगते. मनाचा आजार हा दुबळेपणा नव्हे. तोर्रेसारखी कणखर बुद्धीही त्याच्या तडाख्यातून सुटली नाही. म्हणून थकलेल्या मनाने वेळीच वडीलधाऱ्यांजवळ बोलावे आणि ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी नेऊ नये.

तोर्रे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगला. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९६३ साली त्याला आंतरराष्ट्रीय मास्टर ही पदवी दिली. पुढे १९७७ साली सर्वश्रेष्ठ अशा ग्रँडमास्टर पदवीने त्याचा गौरव झाला. मेक्सिकोचा तो पहिला ग्रँडमास्टर. ज्या खेळासाठी हा मान मिळाला, तो खेळून पन्नास वर्षे लोटली होती. दुसऱ्याच वर्षी, १९७८ साली, मेरिदा या आपल्या जन्मगावीच त्याने देह ठेवला. त्या शहरात पुढे त्याच्या नावाने स्मृतिस्पर्धा भरू लागल्या.

तोर्रे आणि लास्कर यांची जीवने शेजारी ठेवून पाहिली, तर एक गोष्ट मनात भरते. लास्करही लहान वयातच यशस्वी झाला होता. पंचविसाव्या वर्षी तो विश्वविजेता होता. परंतु मॉस्कोतील त्या पराभवानंतर दहा वर्षांनी, १९३५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याच शहरातील स्पर्धेत तो तिसरा आला! त्याचे जीवन बारमाही नदीसारखे होते. तोर्रेचे जीवन आषाढातील ओढ्यासारखे. डोंगरावरून वेगाने आले आणि दिसेनासे झाले. म्हणून ओढ्याचे पाणी पाणी नव्हते, असे कोण म्हणेल? त्या पाण्यानेही रान हिरवे होते. कर्तृत्व मोजताना वर्षे मोजून भागत नाही. त्या वर्षांत काय केले, हे पाहावे लागते.

त्या काळच्या मोठ्या गायकाचा सूर मैफलीबरोबर विरून गेला, नटाचा अभिनय पडद्यामागे गेला. बुद्धिबळाचा डाव मात्र लिहून ठेवता येतो आणि लिहिलेला डाव म्हातारा होत नाही. एखाद्या लहानशा गावातील मुलाने संध्याकाळी ओसरीवर पट मांडावा, पांढरे मोहरे आपल्याकडे घ्यावेत आणि एकेक चाल वाचून पुढे जावे. पंचविसाव्या चालीला उंट उचलताना त्याचा हात क्षणभर अडखळेल. वजीर जाणार म्हणून त्याच्या मनात धाकधूक होईल. मग हत्तीचा पहिला शह पडेल आणि शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोत फिरलेली ती पवनचक्की त्या ओसरीवर पुन्हा फिरू लागेल.